पदवीच्या शेवटच्या वर्षातच एमबीएचा अर्ज करावा का?

पायवाट

अमेरिकेतल्या बऱ्याच मोठ्या बिझनेस स्कूल आता कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींचे अर्ज घेतात. प्रवेश आत्ता पक्का करायचा, मग दोन ते पाच वर्षं नोकरी करायची आणि त्यानंतर वर्गात बसायचं, अशी ही पद्धत. इंग्रजीत तिला डिफर्ड ॲडमिशन म्हणतात. त्याबद्दल मराठीत नीट माहिती कुठे सापडत नाही, म्हणून हा धागा.

मुख्य प्रश्न असा. नोकरीचा अनुभवच नसताना अर्ज करणं म्हणजे हातातली संधी वाया घालवणं आहे का? एकदा नकार आला तर पुढे चार वर्षांनी केलेल्या अर्जावर त्याचा डाग राहतो का? प्रवेश मिळाला आणि मधल्या काळात मनच बदललं, तर काय? आणि हे सगळं करायचं ठरवलं तर तयारी कधीपासून लागते?

जाणकारांनी सविस्तर लिहावं.

गणितमास्तर

आधी कोण काय देतं ते मांडतो, म्हणजे पुढची चर्चा हवेत राहणार नाही.

हार्वर्डचा २+२ हा यातला सर्वांत परिचित. २००७ मध्ये जाहीर झाला. दोन वर्षं काम आणि दोन वर्षं शिक्षण असं नाव पडलं, तरी आता कामाची मुदत दोन ते चार वर्षं आहे. व्हार्टनचा मोएलिस ॲडव्हान्स ॲक्सेस, तिथेही दोन ते चार. शिकागो बूथचा स्कॉलर्स प्रोग्रॅम, एमआयटी स्लोनचा अर्ली ॲडमिशन, कोलंबियाचा डिफर्ड एनरोलमेंट, केलॉगचा फ्यूचर लीडर्स, बर्कली हासचा ॲक्सेलरेटेड ॲक्सेस आणि व्हर्जिनियातल्या डार्डनचा फ्यूचर इयर स्कॉलर्स, इथे साधारण दोन ते पाच वर्षं.

स्टॅनफर्डचं थोडं वेगळं आहे. बाकीच्या बहुतेक शाळा वर्षातून एकदाच, एप्रिलच्या उत्तरार्धात, हे अर्ज घेतात. स्टॅनफर्डला मात्र नोकरी केलेल्यांसाठीच्या नेहमीच्या तिन्ही फेऱ्यांत अर्ज करता येतो. पण एका शैक्षणिक वर्षात एकदाच. सप्टेंबरच्या फेरीत घाईने पाठवलात आणि नकार आला, तर एप्रिलमध्ये परत दार ठोठावता येत नाही.

येलचा सिल्व्हर स्कॉलर्स या यादीत घालतात, पण तो या जातीचा नाही. तिथे पदवीनंतर थेट वर्गात जायचं, पहिलं वर्ष शिकायचं, मग एक वर्ष पूर्णवेळ काम करायचं आणि परत येऊन शेवटचं वर्ष पुरं करायचं. ज्यांना थांबायचंच नाही त्यांच्यासाठी तो.

रानजाई

गणितमास्तर, उत्तम यादी. पात्रतेत लोक कुठे अडकतात ते जोडते.

पूर्णवेळ नोकरी केलेली नसावी, ही मूळ अट. इंटर्नशिप आणि शिकता शिकता केलेलं अर्धवेळ काम यात धरत नाहीत. मास्टर्स करणारेही चालतात, पण पदवीनंतर थेट मास्टर्सला गेलेले. मधे एक वर्ष नोकरी करून मग मास्टर्सला गेलं असेल तर बहुतेक ठिकाणी दार बंद. त्यांनी नेहमीच्या फेरीत यावं.

दुसरी गोष्ट पदवी हातात पडण्याच्या तारखेची. हार्वर्डची चौकट १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर अशी असते. त्या बारा महिन्यांत पदवी पूर्ण व्हायला हवी. एखादा विषय राहिला आणि पदवी पुढच्या वर्षात ढकलली गेली, तर पात्रतेचाच प्रश्न येतो. त्यामुळे अर्ज करण्यापूर्वी उरलेले श्रेयांक मोजून घ्यावेत.

पदवी तीन वर्षांची असेल तर घाबरू नये. परदेशातली तीन वर्षांची पदवी हार्वर्ड मान्य करतं. बाकीच्यांचे नियम एकसारखे नाहीत, प्रत्येक शाळेच्या पानावर बघावं.

आणि गुण. ते गुणपत्रिकेवर आहेत तसेच भरायचे. स्वतःच हिशेब करून अमेरिकेतल्या चारपैकी गुणांच्या मापात बसवू नका. शाळांकडे जगभरच्या गुणपद्धती वाचणारी माणसं असतात, आणि आपण केलेलं रूपांतर नंतरच्या कागद-पडताळणीत जुळलं नाही तर विनाकारण संशय येतो.

तळ्यातमळ्यात

वाचनखूण साठवली. प्रवेशपरीक्षेबद्दल कुणीतरी लिहा. जीमॅट की जीआरई?

गणितमास्तर

@तळ्यातमळ्यात, बहुतेक शाळा दोन्ही सारख्याच मानतात. त्यामुळे शाळेला काय आवडेल हे सोडा आणि आपला हात कशावर बसतो ते बघा.

जीमॅटची नवी आवृत्ती नोव्हेंबर २०२३ पासून आहे. गणिताचे २१ प्रश्न, भाषेचे २३, डेटा इनसाइट्सचे (तक्ते, आलेख, माहिती वाचून सोडवायचे) २०. प्रत्येक भागाला ४५ मिनिटं, एकूण सव्वादोन तास. भूमिती आणि वाक्यातल्या चुका शोधण्याचे प्रश्न गेले, निबंधही गेला. गणितात कॅल्क्युलेटर मिळत नाही, तो फक्त डेटा इनसाइट्समध्ये. गुण २०५ ते ८०५. इथे एक गफलत फार होते. जुन्या लेखांतला ७०० हा आकडा डोक्यात ठेवून लोक नवे गुण मोजतात आणि खट्टू होतात. जुने ७०० म्हणजे आताचे साधारण ६४५.

जीआरई सप्टेंबर २०२३ पासून १ तास ५८ मिनिटांची झाली. एक निबंध, भाषेचे दोन भाग, गणिताचे दोन. गणितात पडद्यावरचा कॅल्क्युलेटर आहे, पण भूमिती आहे आणि शब्दसंग्रह भरपूर लागतो. ज्यांचं वाचन दांडगं त्यांना ही सोपी जाते.

आता खरा मुद्दा. दोन्ही परीक्षांचे गुण पाच वर्षं चालतात. म्हणजे कॉलेजात परीक्षा दिली आणि डिफर्डला नकार आला, तरी तेच गुण घेऊन तीन-चार वर्षांनी नेहमीच्या फेरीत जाता येतं. अभ्यासाची सवय मोडण्याआधी ही परीक्षा उरकणं, एवढ्या एका कारणासाठीसुद्धा हा खटाटोप करण्यासारखा आहे.

उंबरठा

वरच्याशी सहमत, एक सावधगिरीची सूचना. जीमॅटमध्ये भाग अर्धवट राहिला तर गुण चांगलेच घसरतात. शेवटचे तीन प्रश्न चुकले तर चालेल, पण कोरे राहिलेले चालत नाहीत. प्रत्येक भागात तीन उत्तरं परत जाऊन बदलता येतात, त्यासाठी दोन-तीन मिनिटं हातात राखा. दोन प्रयत्नांत किमान १६ दिवसांचं अंतर लागतं, जीआरईला २१. मार्चअखेर पहिला प्रयत्न ठेवला तर दुसऱ्याला जेमतेमच जागा उरते.

शेवंती

मला वाटतं, परीक्षेवर गरजेपेक्षा जास्त बोललं जातं आणि शिफारसपत्रांवर फार कमी. कॉलेजातल्या अर्जदाराचा अर्ज पडतो तो बहुतेक वेळा इथे.

अनेक शाळा शिफारस करणाऱ्याला एकच समान प्रश्नपत्रिका देतात. पहिला प्रश्न, अर्जदाराला तुम्ही कसे ओळखता, ५० शब्द. दुसरा, तशाच भूमिकेतल्या इतर चांगल्या व्यक्तींच्या तुलनेत याची कामगिरी कशी, उदाहरणांसह, ५०० शब्द. तिसरा, तुम्ही याला दिलेली सर्वांत महत्त्वाची सुधारणेची सूचना कोणती आणि त्याने ती कशी घेतली, तेही ५०० शब्द.

आता विचार करा, ज्या प्राध्यापकांच्या तासाला तुम्ही शंभर जणांत बसलात आणि पैकीच्या पैकी गुण मिळवलेत, ते तिसऱ्या प्रश्नाला काय लिहिणार? 'विद्यार्थी हुशार व मेहनती आहे' एवढंच. विभागप्रमुखांची सही मोठी दिसते म्हणून त्यांच्याकडे जाणं ही नेहमीची चूक. ज्यांनी तुमचं काम परत पाठवलं, 'हे पुन्हा करून आण' म्हटलं आणि पुन्हा आणलेलं पाहिलं, त्यांच्याकडे जा. इंटर्नशिपमधल्या ज्या वरिष्ठाने रोजचं काम बघितलं तो पहिला पर्याय. दुसरा, प्रकल्पाचे मार्गदर्शक, किंवा ज्या संस्थेत तुम्ही जबाबदारी घेऊन काम केलंत तिथली व्यक्ती. मित्र, सहाध्यायी, नातेवाईक नकोत.

त्यांना सहा ते आठ आठवडे आधी विचारा. विचारताना एक पानभर टिपण द्या: कोणतं काम, केव्हा, काय अडलं, काय बदललं, आकडा काय आला. पत्राचा मजकूर लिहून देऊ नका. दोन पत्रांतली आणि तुमच्या निबंधातली भाषा एकच असेल तर वाचणाऱ्याला ते कळतं, आणि तसा मजकूर पुरवणं नियमाबाहेरही आहे.

रानजाई

शेवंतीताई, हा प्रतिसाद चौकटीत लावून ठेवण्यासारखा आहे. एकच भर. ज्यांनी अशी पत्रं पूर्वी लिहिलेली नाहीत त्यांना आधी सांगा की पत्र जोडायचं नाही, दुवा येईल, तिथे गुणांची कोष्टकंही भरायची असतात. तो दुवा नको त्या टपालाच्या कप्प्यात जाऊन पडतो आणि शेवटच्या दिवशी धावपळ होते.

मध्यमवर्ग

सगळे उत्साहात आहेत म्हणून उलट बाजू मांडतो. बावीस वर्षांच्या मुलाने 'मला अमुक उद्योगात तमुक करायचं आहे' असं लिहायचं आणि मग पाच वर्षं त्या कागदाशी बांधून घ्यायचं, हे मला पटत नाही. हार्वर्डच्या वर्गात सरासरी अनुभव पाच वर्षांच्या आसपास असतो. वर्गातली चर्चा केसवर, म्हणजे एखाद्या कंपनीतल्या प्रसंगावर, चालते आणि त्यात स्वतःच्या कामातलं काही आणावं लागतं. दोनच वर्षं नोकरी करून आलेल्याला देण्यासारखं कमी असतं. नोकरी करा, काय आवडतं ते कळू द्या, मग अर्ज करा. शाळा कुठे पळून जात नाहीत.

उंबरठा

@मध्यमवर्ग, यातला अर्धा भाग मान्य. दोन वर्षांतच जाण्याची घाई नको. एमबीएनंतरच्या काही नोकऱ्यांत, विशेषतः खासगी गुंतवणूक कंपन्यांत, एमबीएआधी काय केलं हेच बघतात, तिथे दोन वर्षं तोकडी पडतात. पण म्हणूनच तर चार-पाच वर्षांची मुदत आहे. ती वापरावी.

बांधून घेण्याचा मुद्दा मात्र बरोबर नाही. निबंधातली योजना म्हणजे करार नव्हे. नोकरी बदलता येते, क्षेत्रही बदलता येतं, शाळेला कळवायचं असतं. काही ठिकाणी नव्या कामाला संमती घ्यावी लागते. स्वतःचा उद्योग काढायचा असेल तर आधी लिहून विचारावं. शाळा बघतात ते हे, की मधल्या काळात माणूस रिकामा बसला नाही आणि जबाबदारी वाढत गेली. यायचंच नाही असं ठरलं, तर जागा पक्की करताना भरलेली अनामत रक्कम जाते.

शेवंती

योजनेबद्दल आणखी थोडं, कारण निबंध इथेच फसतात. 'सल्लागार कंपनीत दोन वर्षं, मग एमबीए, मग सामाजिक उद्योग' हा साचा वाचणाऱ्यांनी असंख्य वेळा वाचलेला असतो. तो खोटा असतो असं नाही, पण त्यात माणूस दिसत नाही. पहिली नोकरी कोणती आणि तिथे नेमकं काय शिकायचं आहे, हे ठोस हवं. दहा वर्षांनंतरचं धूसर असलं तरी चालतं. बहुतेक जण याच्या बरोबर उलटं लिहितात.

हार्वर्ड स्वतःच सांगतं की २+२ मध्ये त्यांना उत्पादन किंवा तंत्रज्ञानाच्या कंपन्यांत प्रत्यक्ष कामावर जाणारे, तांत्रिकदृष्ट्या अवघड भूमिका घेणारे, उद्योग उभारणारे आणि आर्थिकदृष्ट्या खालच्या थरातून आलेले विद्यार्थी विशेष हवे आहेत. कारखान्याच्या मजल्यावर उभं राहणारी अभियंता किंवा प्रयोगशाळेतला रसायनशास्त्राचा विद्यार्थी 'एमबीए आपल्यासाठी नाही' म्हणून अर्जच करत नाही. त्यांनी तर जरूर करावा.

स्टॅनफर्डचा जुना प्रश्न आहे, तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचं काय आणि का. त्याला सुमारे ६५० शब्द आणि 'स्टॅनफर्डच का' याला ३५०. पहिल्या प्रश्नात 'काय' एका ओळीत संपतं. उरलेले शब्द 'का'साठी आहेत. स्लोन ३०० शब्दांचं पत्र आणि एक मिनिटाचा व्हिडिओ मागतं. व्हिडिओ पाठ करून म्हटला की डोळे वाचत असल्यासारखे फिरतात. चार मुद्दे लक्षात ठेवून बोलावं.

तळ्यातमळ्यात

अवांतर: डिफर्डला मराठी शब्द काय? 'राखीव प्रवेश' चालेल?

मध्यमवर्ग

नको. 'राखीव' म्हटलं की आपल्याकडे आरक्षण डोळ्यांसमोर येतं, भलताच गैरसमज होईल.

रानजाई

'आगाऊ प्रवेश' कसा वाटतो? आगाऊ आरक्षण म्हणतोच की आपण. फक्त माणसाला लावला की अर्थ बदलतो.

गणितमास्तर

अर्थासाठी 'आगाऊ' चपखल आहे. 'लांबणीवरचा प्रवेश' म्हटलं तर वेगळा घोळ होतो, कारण ती दुसरीच गोष्ट आहे: नेहमीच्या फेरीत प्रवेश मिळाल्यावर आजारपण वगैरे कारणाने 'पुढच्या वर्षी येतो' म्हणणं. ती सवलत शाळा क्वचित देतात. इथे वाट बघणं हा योजनेचाच भाग आहे.

कवडसा

पैशांचं कुणीच लिहिलं नाही, म्हणून लिहितो.

अर्जाची फी डिफर्डला सहसा कमी असते. हार्वर्डला १०० डॉलर, नेहमीच्या फेरीत २५०. काही शाळा विद्यार्थ्यांना पूर्ण माफ करतात. सहा ठिकाणी अर्ज करायचा तर हा फरक मोठा आहे.

प्रवेश आत्ता मिळाला तरी शिक्षणाची फी आत्ताची लागत नाही. ज्या वर्षी वर्गात बसाल त्या वर्षीची भरायची. दरसाल चार टक्के वाढ धरली तर चार वर्षांत सतरा टक्के होतात. आजचा आकडा धरून बचत ठरवली तर कमी पडेल.

शिष्यवृत्तीचं गणित अजून नाजूक. हार्वर्डची मदत गरजेवर ठरते आणि त्यासाठी आधीच्या तीन वर्षांचं उत्पन्न व मालमत्ता बघतात. थांबण्याच्या काळात भरपूर पगार मिळाला तर मदत कमी होऊ शकते. म्हणजे 'आज घरची परिस्थिती बेताची आहे, तर पूर्ण मदत मिळेल' हा हिशेब आत्ता मांडता येत नाही. काही शाळा गुणवत्तेवरची शिष्यवृत्ती प्रवेशाबरोबरच सांगतात, काही वर्गात येण्याच्या वर्षी. होकाराचं पत्र आल्यावर हा प्रश्न लेखी विचारावा.

अनामत रक्कम परत मिळत नाही. एकाच वेळी अनेक शाळांना अर्ज करायला हरकत नाही, पण एकीची जागा पैसे भरून घेतल्यावर दुसरीकडे अर्ज चालू ठेवणं त्या स्वीकारपत्रातल्या अटींत बसतं का, ते सही करण्याआधी वाचावं.

आणि व्हिसा. अमेरिकेबाहेरच्यांनी ध्यानात घ्यावं की प्रवेशपत्र म्हणजे व्हिसा नव्हे. त्यासाठी लागणारा आय-२० हा शाळेने द्यायचा कागद प्रत्यक्ष रुजू होण्याच्या वर्षी मिळतो. मधली नोकरी अमेरिकेतच हवी असं नाही, जगात कुठेही चालते.

तळ्यातमळ्यात

मुलाखतीत अनुभवाबद्दल विचारलं तर काय सांगायचं?

उंबरठा

@तळ्यातमळ्यात, जे केलंय ते, पण तपशिलात. हार्वर्डचा मुलाखतकार तुमचा पूर्ण अर्ज वाचून येतो आणि अर्ध्या तासात रेझ्युमेमधली कुठलीही ओळ उचलून खोदत जातो. 'संघाचं नेतृत्व केलं' असं लिहिलं असेल तर किती जण होते, कोणाचं पटत नव्हतं, तुम्ही नक्की कोणता निर्णय घेतलात, असं तिसऱ्या-चौथ्या पायरीपर्यंत विचारतात. तिथपर्यंत उत्तर नसेल तर ती ओळ रेझ्युमेत ठेवू नये.

व्हार्टनमध्ये गटचर्चा असते. पाच-सहा अर्जदार, साधारण ३५ मिनिटं, विषय आधी कळतो, शेवटी गटाने मिळून एक प्रस्ताव मांडायचा. तिथे सगळ्यांत जास्त बोलणारा जिंकत नाही. घड्याळाकडे लक्ष ठेवणारा आणि गप्प बसलेल्याचा मुद्दा पुढे आणणारा उठून दिसतो.

पायवाट

सर्वांचे मनापासून आभार. बरंच स्पष्ट झालं. दोन गोष्टी अजून राहिल्या आहेत: नकाराचा डाग आणि तयारीचं वेळापत्रक.

शेवंती

नकाराचा डाग राहत नाही. पुढे अर्ज करताना पूर्वी अर्ज केला होता हे सांगावं लागतं, पण त्यात तुमचं नुकसान नाही. जुना अर्ज आणि नवा अर्ज यांत चार वर्षांचं काम उभं असतं, वाढ आपोआप दिसते. नुकसान होतं ते तोच मजकूर जरा फिरवून पुन्हा पाठवला तर. त्यामुळे आत्ता पाठवलेले निबंध जपून ठेवा, पुढच्या वेळी काय लिहायचं नाही हे बघायला उपयोगी पडतात.

मूळ प्रश्नाचं माझं उत्तर: दोन शिफारस करणारे असे असतील की ज्यांनी तुमचं काम जवळून पाहिलंय, आणि पहिली नोकरी कुठली हवी हे कारणासह सांगता येत असेल, तर जरूर करा. यातलं एकही नसेल तर परीक्षा तेवढी देऊन ठेवा आणि अर्ज पुढे करा. मध्यमवर्ग म्हणतात ते अशा वेळी बरोबर आहे.

मध्यमवर्ग

हे मान्य. परीक्षा आत्ता द्यावी यावर माझंही दुमत नाही.

गणितमास्तर

वेळापत्रक, एप्रिलची मुदत धरून.

शेवटच्या वर्षाआधीच्या सुट्टीत इंटर्नशिप आणि तिच्याबरोबर परीक्षेचा अभ्यास, तीन ते चार महिने. ऑक्टोबर-नोव्हेंबरला पहिला प्रयत्न. गरज पडली तर जानेवारीत दुसरा, त्यानंतर परीक्षेचा विषय बंद. इंटर्नशिप संपायच्या आठवड्यातच वरिष्ठांशी पत्राबद्दल बोलून ठेवा. आठ महिन्यांनी अचानक विचारलं तर त्यांना तपशील आठवत नाही, किंवा त्यांनी कंपनीच सोडलेली असते. जानेवारीत शाळा ठरवा, चारपेक्षा जास्त नकोत. फेब्रुवारीच्या सुरुवातीला शिफारसकर्त्यांना टिपण आणि मुदतीची तारीख. मुदत सांगताना खऱ्या तारखेच्या दहा दिवस आधीची सांगा. फेब्रुवारी-मार्च निबंध. एप्रिलचा पहिला आठवडा फक्त अर्जाच्या रकान्यांसाठी. ते वाटतात त्यापेक्षा कितीतरी वेळखाऊ असतात, प्रत्येक कामाचे तास, तारखा, वरिष्ठाचं पद, सगळं भरावं लागतं. त्यानंतर मे-जूनमध्ये मुलाखती आणि जून-जुलैत निकाल. शाळेगणिक थोडं मागेपुढे होतं.

इंग्रजीची परीक्षा लागणार असेल तर टोफेल-आयेल्ट्सचे गुण दोनच वर्षं चालतात, ती फार आधी देऊन ठेवू नका. पदवी इंग्रजी माध्यमातून असेल तर बऱ्याच ठिकाणी ती लागतच नाही.

रानजाई

गणितमास्तर, यात अंतिम परीक्षेचा अभ्यास धरायचा राहिला. प्रवेश मिळाल्यावर शेवटच्या सत्राची गुणपत्रिका मागतात, आणि गुण पार कोसळले असतील तर स्पष्टीकरण द्यावं लागतं. त्यामुळे मुदत एप्रिलअखेर असली तरी निबंध मार्चमध्येच हातावेगळे करावेत.